मशीन म्हणतं दिले

एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे मात्र वजा झाले, तर थोडं थांबायचं, आपोआप परत येतात, असं सगळेच सांगतात. बहुतेक वेळा येतातही. मागे कॉलेज रोडला माझ्या कार्डावर असं झालं होतं, तेव्हा मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधेपर्यंत पैसे परत जमा झाल्याचा मेसेज आला होता. अण्णांचे दहा हजार मात्र आपोआप आले नाहीत. ते आणावे लागले, आणि आणताना बँकेच्या पोटात काय काय चालतं ते बरंच कळलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त. १९२८ पासून इथे नोटा छापल्या जातात आणि जेलरोड-उपनगर भागात दर चार घरांआड कुणी ना कुणी प्रेसचं निघतंच, त्यामुळे त्याचं कुणाला कौतुक नाही. पण त्या नोकरीने लावलेली सवय त्यांच्या अंगात मुरली आहे: मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं आणि ताळा लागेपर्यंत जागचं हलायचं नाही. भाजीवालीने परत दिलेले सुटे पैसे ते अजून दोनदा मोजतात. ती चिडते, हे मोजत राहतात. मी अंबडला एका कारखान्यात अकाउंट्स बघते, दर महिन्याला बँकेचा रेको करते, म्हणजे आमच्या वहीतल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवते. म्हणजे रक्तातच आहे म्हणायचं.

२०२३ चा मे संपत आला होता. दोन हजारांची नोट मागे घेत असल्याचं रिझर्व्ह बँकेने १९ मे रोजी जाहीर केलं होतं आणि २३ तारखेपासून बँकांमध्ये ती बदलून मिळायला लागली होती, एका वेळी वीस हजारांपर्यंत. शाखांमध्ये गर्दी होती. आमच्याकडे ती नोट एकही नव्हती, पण गच्ची गळत होती. पावसाच्या आत वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं होतं आणि मिस्त्रीला कामाआधी दहा हजार रोख हवे होते, कारण त्याच्या हाताखालची माणसं रोजच्या रोज हजेरी घेतात. मी फोनवरून पाठवते म्हटलं तर अण्णांना ते चालेना. घर माझं, गच्ची माझी, पैसे माझे.

महिन्यातला चौथा शनिवार, म्हणजे बँक बंद. संध्याकाळी मी त्यांना स्कूटीवर बसवून बिटको चौकाच्या बाजूला घेऊन गेले. त्यांच्या बँकेच्या मशीनवर ‘सेवा उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं होतं, म्हणून थोडं पुढे दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये गेलो. आभाळ भरून आलं होतं, धूळ उडत होती. अण्णांनी पिन टाकला, रक्कम टाकली, आत नोटा मोजल्याचा घरघराट झाला. आणि लाइट गेली. मशीनला बॅटरीचा आधार असतो म्हणतात. या मशीनचा असून नसल्यासारखा होता. स्क्रीन काळा, आवाज बंद, एसी बंद. कार्ड त्यांनी आधीच ओढून घेतलं होतं, ते नशीब. त्या अंधारात अण्णांच्या फोनचा मेसेज वाजला: खात्यातून दहा हजार वजा.

मी म्हटलं, “चला अण्णा, घरी जाऊन बँकेला फोन लावू.”

“अगं, आता लाइट आली आणि हिने नोटा बाहेर टाकल्या तर? मागचा माणूस खिशात घालून जाईल.”

हे अगदी बरोबर होतं, मला सुचलं नव्हतं. आम्ही तिथेच उभे राहिलो. मागे एक तरुण होता, तो बिचारा दाराशी थांबला. फोनच्या उजेडात मी मशीनवर चिकटवलेल्या मशीन क्रमांकाचा फोटो काढला, बंद स्क्रीनचा काढला, नोटा येतात त्या फटीचाही काढला. तिथे पट्टी बसवून नोटा आतच अडकवून ठेवणारे चोर असतात, म्हणून बोट फिरवून पाहिलं. तसलं काही नव्हतं. बऱ्याच वेळाने लाइट आली. मशीन हळूहळू जागं झालं, आतल्या आत खडखडलं, फट उघडून मिटली आणि स्वागताचा स्क्रीन आला. नोटाही नाहीत, स्लिपही नाही. मग त्या तरुणाने कार्ड घातलं. त्याला मात्र त्याचे पैसे मिळाले. अण्णांनी त्याच्या हातातल्या नोटांकडे असं पाहिलं की तो ओशाळला. मशीनवर एक नंबर होता, तो लावला. ते मशीनवाल्या बँकेचे. ते म्हणाले, कार्ड ज्या बँकेचं आहे त्यांच्याकडे तक्रार करा. हे टोलवाटोलवीचं उत्तर वाटतं, पण नियमच तसा आहे. कार्ड देणारी बँक आपली, तिच्याशी आपला व्यवहार. मशीनवाल्या बँकेशी भांडायचं काम तिचं.

रात्री कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन केला. ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ हे सगळं पार पडल्यावर एक माणूस हिंदीत बोलला, कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम आणि वेळ विचारून घेतली आणि तक्रार क्रमांकाचा मेसेज पाठवला. पिन किंवा ओटीपी असल्या कामासाठी कुणी मागत नाही, मागितला तर फोन ठेवायचा. हे सांगायचं कारण, रविवारी बिल्डिंगमधल्या एका भल्या माणसाने इंटरनेटवर शोधून बँकेचा आणखी एक ‘कस्टमर केअर’ नंबर दिला. अण्णांनी तो लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला, समोरचा फार गोड बोलला आणि पैसे लगेच परत करतो, एवढं एक ॲप डाउनलोड करा म्हणाला. अण्णांनी फोन बंद केला. माझ्याकडे बघून म्हणाले, “बँक कधी पहिल्या रिंगला फोन उचलते का?”

सोमवारी मी हाफ डे टाकला आणि शाखेत गेलो. दोन हजारवाल्यांची रांग दारापर्यंत. एटीएमच्या तक्रारी बघणाऱ्या साहेबांसमोरही रांग, पण लहान. त्यांनी तक्रार क्रमांक घेतला, स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाले, “काका, सात वर्किंग डेज. येऊन जातील.” मागच्या भिंतीवर लॅमिनेट केलेली एक सूचना होती, तिच्यावरही तेच लिहिलेलं: एटीएम व्यवहार अयशस्वी झाल्यास तक्रार मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत रक्कम जमा केली जाईल.

इथे जरा थांबते, कारण सगळा घोळ या पाटीचा आहे. ती पाटी खोटी नव्हती, जुनी होती. २०११ चा नियम तसाच होता: तक्रार मिळाल्यापासून सात कामकाजाचे दिवस, त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही व्यवहारापासून तीस दिवसांच्या आत तक्रार केली असेल तरच. पण २० सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने नवं परिपत्रक काढलं आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून ते लागू झालं. त्यात एटीएमबद्दल साफ लिहिलं आहे की खात्यातून पैसे गेले आणि नोटा निघाल्या नाहीत, तर बँकेने स्वतःहून, व्यवहाराच्या तारखेपासून जास्तीत जास्त पाच दिवसांत रक्कम परत करायची. तक्रारीच्या तारखेचा इथे संबंध नाही. तारीख म्हणजे कॅलेंडरची तारीख, कामकाजाचे दिवस वगैरे भानगड नाही. पाच दिवसांपेक्षा उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये, आणि तेही ग्राहकाने मागायची वाट न बघता आपणहून खात्यात टाकायचे. यूपीआय, आयएमपीएस, दुकानातलं कार्डाचं मशीन, प्रत्येकाची मुदत त्याच तक्त्यात वेगवेगळी दिली आहे. माणसं हा नियम दुसऱ्या एका नियमाशी घोळतात: कुणी आपलं कार्ड वापरून चोरी केली तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवा म्हणजे जबाबदारी तुमची नाही, हा २०१७ चा. तो फसवणुकीसाठी आहे. नोटा न निघण्याला फसवणूक म्हणत नाहीत. अर्जात उगाच ‘फ्रॉड’ हा शब्द लिहिला तर अर्ज भलत्याच टेबलावर जातो.

मी फोनवर ते परिपत्रक उघडून साहेबांना दाखवलं. त्यांनी वाचलंही. मग म्हणाले, “मॅडम, तुमचं बरोबर असेल, पण हे सगळं सिस्टीमवर होतं. आमच्या हातात काही नसतं.” हे वाक्य पुढच्या काही आठवड्यांत मी इतक्यांदा ऐकलं की ऐकू येणंच बंद झालं.

अण्णांनी मात्र खिशातून घडी घातलेला कागद काढला. रविवारी रात्री त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून ठेवला होता, दोन प्रतींत. खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, मशीनचा क्रमांक, जागा, वेळ, रक्कम, मेसेजमधला संदर्भ क्रमांक, तक्रार क्रमांक. आणि शेवटी एकच वाक्य: ‘नोटा मला मिळालेल्या नाहीत.’ मला परिपत्रकाचा उल्लेख घालायचा होता, तो मी खाली जोडला. साहेब म्हणाले, ऑनलाइन तक्रार आहे ना, कागदाची काय गरज. अण्णा म्हणाले, “तुम्हाला नसेल, मला आहे. पोच द्या.” पोच मिळायला वेळ लागला, कारण शिक्का कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये होता आणि ते जेवायला गेले होते. आम्ही बसून राहिलो. पासबुकात एंट्री मारून घेतली. शिक्का आला, तारीख पडली, सही झाली. पुढे जे काही झालं ते त्या शिक्क्याच्या जिवावर झालं, असं माझं मत आहे. फोनवरच्या तक्रारीची नोंद बँकेकडे राहते. पोच आपल्याकडे राहते.

पाच दिवस उलटले. पैसे आले नाहीत. मेसेज आला, तोही इंग्रजीत: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, व्यवहार यशस्वी आढळला.

अण्णांना मी ते वाचून दाखवलं तेव्हा ते क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “यशस्वी कुणाचा?”

आता हे ‘यशस्वी’ कुठून येतं ते मला शोधावंसं वाटलं, कारण माझ्याही कामात एका बाजूला ‘पेड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉट रिसीव्ह्ड’ असे झगडे रोजचे असतात. एका बँकेचं कार्ड दुसऱ्या बँकेच्या मशीनमध्ये घातलं की विचारणा मधल्या एका जाळ्यातून जाते. नॅशनल फायनान्शियल स्विच त्या जाळ्याचं नाव. २००४ मध्ये हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेने ते सुरू केलं, २००९ पासून एनपीसीआय, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, चालवते. मशीन विचारतं, दहा हजार देऊ का. आपली बँक खातं बघते, पैसे वजा करते आणि ‘दे’ म्हणून सांगते. म्हणजे खात्यातून पैसे आधी जातात, नोटा नंतर निघतात. नोटा नाही निघाल्या तर मशीनने उलटा निरोप धाडायचा असतो, की राहू दे, दिले नाहीत. माझ्या कॉलेज रोडच्या वेळी तो निरोप गेला होता, म्हणून पैसे मिनिटात परत आले. अण्णांच्या वेळी निरोप धाडण्याआधीच मशीनचा प्राण गेला. स्विचच्या वहीत शेवटची नोंद राहिली ती ‘दे’ ही. तीच नोंद बघून कुणीतरी ‘यशस्वी’ लिहिलं आणि तक्रार बंद केली. मशीनच्या पेटीत कुणी डोकावलं नाही.

हे सगळं अण्णांना समजावून सांगितल्यावर त्यांनी जे विचारलं त्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं. “नोटा मोजल्या गेल्या, बाहेर आल्या नाहीत, मग त्या आतच आहेत. पेटी कोण उघडतं? तो मोजत असेल ना? त्याच्याकडे वीस नोटा जास्त भरल्या असणार.”

प्रेसमध्ये असंच चालायचं, हे ते सांगत राहिले. एक कागद कमी भरला किंवा जास्त भरला तरी सगळी पाळी खोळंबायची. जास्त भरणं तर कमी भरण्याइतकंच वाईट.

एटीएमची पेटी बँकेचा माणूस रोज येऊन उघडतो असं मला वाटत होतं. बऱ्याच ठिकाणी ते काम एजन्सीकडे असतं. त्यांची गाडी येते, बंदूकधारी रखवालदार असतो, नोटांच्या कॅसेट भरल्या जातात, आणि शिल्लक मोजून मशीनच्या आकड्याशी ताळा घालायचा असतो. मशीनमध्ये आणखी एक कप्पा असतो, नाकारलेल्या नोटांचा. दुमडलेली, दोन चिकटलेल्या, अडकलेल्या अशा नोटा त्यात पडतात. वीज जाऊन मशीन पुन्हा सुरू झालं की तोंडाशी आलेल्या नोटाही तिकडेच ढकलल्या जातात. लाइट आल्यावर आम्ही ऐकलेला तो खडखडाट बहुधा त्याचाच. म्हणून तर त्या तरुणाला विनाअडथळा पैसे मिळाले.

दुसरा अर्ज मी लिहिला. पहिल्यात आम्ही काय झालं ते सांगितलं होतं, दुसऱ्यात काय तपासा ते सांगितलं. त्या मशीनचा त्या वेळेचा इलेक्ट्रॉनिक जर्नल, म्हणजे मशीन स्वतःच ठेवतं ती प्रत्येक पायरीची नोंद, ज्याला बँकेत सगळे ‘ईजे लॉग’ म्हणतात. त्या दिवसाचा किंवा त्यानंतर पहिल्यांदा पेटी उघडली त्या दिवसाचा रोकड ताळा, जादा रोकड निघाली का हे स्पष्ट दिसेल असा. आणि सीसीटीव्हीचं चित्रण, मशीनच्या कॅमेऱ्याचं आणि खोलीतलंही, कारण ते कायमचं ठेवत नाहीत आणि एकदा पुसलं की संपलं. शिवाय एक ओळ: पहिली तक्रार कोणत्या कागदाच्या आधारे बंद केली तो कागद दाखवावा. ही ओळ लिहिताना मला वाटलं होतं उत्तर येणार नाही. पण नेमकी तीच ओळ कामी आली.

या वेळी शाखेत साहेब रजेवर होते आणि त्यांच्या जागी कॅश विभागातल्या एक बाई बसल्या होत्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. मग अण्णांना विचारलं, “काका, प्रेसला होता का?” यांनी कसं ओळखलं म्हणून मी चकित. त्या हसल्या. अर्जात ‘ताळा’ शब्द असा अधोरेखित करून इथे दुसरं कोण लिहिणार, म्हणाल्या. त्यांनी आमच्यासमोरच तक्रार पुन्हा उघडली, कारणाच्या रकान्यात वीज गेल्याचं लिहिलं आणि मशीनवाल्या बँकेकडून लॉग मागवला. शाखेच्या हातात काही नसतं हे खरं नव्हतं तर. निदान एवढं होतं.

लॉगची छापील प्रत आली तेव्हा त्यांनी मला फोन करून बोलावलं. मी बँक स्टेटमेंट वाचण्यात आयुष्य घालवलंय, तरी तो कागद पहिल्यांदा पाहत होते. बारीक अक्षरं, सगळी इंग्रजी कॅपिटलमधली, वेळेचे शिक्के, मधले आकडे झाकलेला कार्ड क्रमांक. बाईंनी पेन्सिलीने एकेक ओळ दाखवली. रक्कम दहा हजार. पाचशेच्या कॅसेटमधून वीस नोटा उचलल्या. नोटा तोंडाशी नेल्या. त्याच्या खाली एरवी ‘नोटा घेतल्या’ अशी नोंद असते. ती त्यांनी शेजारच्या एका दुसऱ्या व्यवहारात दाखवलीही. आमच्या व्यवहारात ती नव्हती. पुढची ओळ थेट मशीन पुन्हा सुरू झाल्याची, मधे बराच वेळ गेलेला.

“आता याला यशस्वी कोण म्हणेल?” मी विचारलं.

“ज्याने वरचं अर्धं पान वाचलं तो,” त्या म्हणाल्या.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पेटीत जादा निघालेली रोकड बँक नफ्यात धरत नाही, ती वेगळ्या खात्यात बाजूला ठेवली जाते, कुणाची तक्रार येईल म्हणून. मग माणूस तक्रार करतो, त्याची तक्रार स्विचच्या नोंदीवरून बंद होते, आणि ते पैसे तिथे पडून राहतात. दोन टेबलांची गाठच पडत नाही. मला यात कुणाची लबाडी दिसली नाही. दिसला तो रेको न करण्याचा आळस. आमच्या कारखान्यात मी सप्लायरचे दहा हजार असे लटकत ठेवले असते तर ऑडिटरने मला फाडून खाल्लं असतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे जमा झाले. मिस्त्रीची गोष्ट सांगायची राहिली. पहिल्याच रविवारी अण्णांनी शेजारच्या दुकानदाराकडून उसने घेऊन त्याला दिले होते, त्यामुळे गच्ची पावसाआधी झाली. गळायची अजून थोडी गळते, तो वेगळा विषय आहे.

बहुतेक माणसं इथे थांबतात. मीही थांबले असते. पण अण्णांनी पासबुक उघडून विचारलं, “भरपाई कुठाय?”

नियमाप्रमाणे ती आपणहून यायला हवी होती. आली नव्हती. शाखेत गेलो तर आता मूळचे साहेब परत आलेले. त्यांचा हिशेब ऐकण्यासारखा होता. दुसरी तक्रार ज्या दिवशी नोंदली त्या दिवसापासून सात कामकाजाच्या दिवसांत पैसे दिले, मग उशीर कसला? म्हणजे पहिली तक्रार बंद केली ती यांनी, चुकीची बंद केली तीही यांनी, आणि घड्याळ मात्र दुसऱ्या तक्रारीपासून सुरू. मी म्हटलं, घड्याळ तक्रारीपासून चालूच होत नाही, व्यवहारापासून चालू होतं. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. खरं सांगते, त्या क्षणी मला हसू आलं.

तिसरा अर्ज. त्यात परिपत्रकाची तारीख, तक्त्यातली एटीएमची ओळ जशीच्या तशी, आणि भरपाई मागणीशिवाय द्यायची आहे हे वाक्य अधोरेखित. खाली लिहिलं की समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करू. हा लोकपाल म्हणजे बँकेविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. ही योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून आहे. त्याआधी बँकांचा लोकपाल वेगळा, बिगरबँक वित्तसंस्थांचा वेगळा, डिजिटल व्यवहारांचा वेगळा असे तीन होते, ते एकत्र केले. पूर्वी आपली शाखा कोणत्या लोकपालाच्या हद्दीत येते ते शोधावं लागायचं, आता तीही कटकट नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर भरता येते, नाहीतर चंडीगढच्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहिती हवी असेल तर १४४४८ हा नंबर आहे. फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, आणि बँकेने ती नाकारलेली हवी किंवा तीस दिवस उत्तर दिलेलं नसावं. थेट लोकपालाकडे गेलं तर परत पाठवतात. इथे पुन्हा तो पोचेचा शिक्का.

मी पोर्टलवर सगळं भरून फक्त पाठवायचं बाकी ठेवलं होतं. गरज पडली नाही. जुलैत भरपाई जमा झाली. अण्णा कालनिर्णय घेऊन बसले. व्यवहाराच्या तारखेनंतरचे पाच दिवस सोडून, पुढच्या प्रत्येक तारखेवर पेन्सिलीची खूण, पैसे आले त्या दिवसापर्यंत. बँकेने दिलेले शेकडे त्या खुणांपेक्षा कमी होते. कितीने कमी हे बघितल्यावर माझ्या लक्षात आलं: बँकेने रविवार आणि सुट्टीचे शनिवार वगळले होते.

“जाऊ द्या ना अण्णा, थोडेसेच तर आहेत.”

“मग त्यांना जड का गेले?”

याला उत्तर नव्हतं. चौथा अर्ज लिहिला, चारच ओळींचा, सोबत कॅलेंडरच्या पानांची झेरॉक्स. मॅनेजरबाई नव्याच बदलून आल्या होत्या. त्यांनी झेरॉक्सवरच्या पेन्सिलीच्या खुणा मोजल्या, कुणालातरी फोन लावला आणि पुढच्या आठवड्यात उरलेली रक्कम आली. कसलंही पत्र नाही, खुलासा नाही. पासबुकात एक तुटक इंग्रजी शब्द आणि आकडा.

जाता जाता अण्णांनी त्या बाईंना भिंतीवरची पाटी दाखवली आणि ती बदला म्हणून सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं, नक्की बदलते म्हणाल्या. दिवाळीच्या आधी पासबुक भरायला मी शाखेत गेले होते तेव्हा पाटी दिसली नाही. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यावर गृहकर्जाचं पोस्टर चिकटवलेलं होतं, आणि खालून ‘सात कामकाजाच्या’ एवढं अजून वाचता येत होतं.